एक डोळा पुढे येत असेल, तर स्टेरॉईडआधी स्कॅन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की डोळे येण्याच्या साथीबद्दल वर्तमानपत्रांत माहिती येते आणि तिचा उपयोगही होतो. पण लाल डोळ्यांच्या त्या गर्दीत अधूनमधून असा एखादा रुग्ण असतो, ज्याचे डोळे आलेलेच नसतात आणि तरी तो महिनोन्‌महिने ड्रॉप घालत फिरतो. हे पत्र त्याच्यासाठी, त्याच्या घरच्यांसाठी आणि त्याला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

डोळे येतात तेव्हा बहुधा एकातून दुसऱ्यात जातात, चिपडे धरतात आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. या रुग्णाचा एकच डोळा बिघडलेला असतो. सकाळी उठल्यावर पापणी फुगलेली, पांढऱ्या भागावर लाली, चिकट स्राव जवळजवळ नाही, आणि आरशात निरखून पाहिले तर तो डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेतले फवारणीचे औषध उडाले असेल असे म्हणतात, विट्याला यंत्रमागाची धूळ गेली म्हणतात. बाई असेल तर थायरॉईडचा शिक्का बसतो. मग कोणीतरी डोळ्याच्या खोबणीचा दाह ठरवते, स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू होतात, सूज उतरते, घरात सगळ्यांना हायसे वाटते. गोळ्या कमी केल्या की सूज परत. पुन्हा गोळ्या. यातल्या काहींच्या खोबणीमागे मेंदूच्या आवरणाची गाठ वाढत असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे : एका बाजूचा डोळा पुढे येत असेल तर खोबण आणि तिच्यामागचा मेंदूचा भाग यांचा कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन केलेला स्कॅन स्टेरॉईडच्या पहिल्या फेरीआधी व्हावा. काही कारणाने तो राहिलाच, तर दुसऱ्या फेरीआधी झालाच पाहिजे.

खोबण ही हाडांची, नरसाळ्यासारखी मागे निमुळती होत जाणारी जागा. तिच्यात साधारण 30 मिलिलिटर मावते आणि त्यातले सुमारे 7 मिलिलिटर खुद्द डोळ्याच्या गोळ्याचे. उरलेल्या जागेत स्नायू, चरबी, अश्रुग्रंथी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस. चारही बाजूंनी हाड असल्यामुळे आत काहीही वाढले तरी डोळ्याला सरकायला एकच वाट राहते, ती म्हणजे पुढे. सूज स्नायूंची आहे, पू आहे, रक्तवाहिनीचा बिघाड आहे की गाठ आहे, बाहेरून दिसणारे चित्र सारखेच. डोळे पाहून अंदाज बांधता येतो, नक्की सांगता येत नाही.

सर्वांत जास्त फसवणारी गाठ म्हणजे मेनिन्जिओमा. ही मेंदूच्या आत होत नाही, मेंदूवरच्या आवरणापासून वाढते. कवटीत मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये हिचे प्रमाण सर्वांत जास्त, बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते आणि पुरुषांपेक्षा बायकांत, मध्यम वयात, अधिक आढळते. कानशिलाच्या आत, खोबणीची बाहेरची भिंत तयार करणारे स्फिनॉइड नावाचे हाड आहे. त्याच्या पंखावर ही गाठ कधी गोळ्यासारखी न वाढता चादरीसारखी पसरते आणि खालचे हाड जाड करत जाते. हे जाड झालेले हाडच डोळ्याला पुढे आणि थोडे खाली ढकलते, खोबणीतून मागे जाणाऱ्या शिरा दाबते, म्हणून पापणी सुजते आणि डोळा लाल दिसतो. वाढ इतकी सावकाश असते की रोज पाहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला फोटो शेजारी धरला की फरक कळतो.

स्टेरॉईडने बरे वाटते मग निदान चुकीचे कसे, असे नातेवाईक विचारतात आणि कधीकधी डॉक्टरही विचारतात. स्टेरॉईड सूज उतरवते, मग ती कशाचीही असो. गाठीभोवतीची सूज आणि साठलेला द्रव कमी होतो, डोळा एखादा मिलिमीटर मागे जातो, लाली उतरते. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असेल तर खुद्द गाठच काही काळ आक्रसते, आणि त्यानंतर तुकडा काढून तपासला तर अहवाल 'निश्चित सांगता येत नाही' असा येण्याची शक्यता वाढते. खऱ्या दाहात फरक पडतो तो झपाट्याने. दुखणे 24 ते 48 तासांत स्पष्ट कमी होते. तीन दिवसांत विशेष फरक नसेल किंवा डोस उतरवताना सूज डोके वर काढत असेल, तर निदानाची वही पुन्हा उघडावी. खरा दाहसुद्धा काहींत उलटतो हे मान्य, पण तो उलटलेला दाहच आहे हे ठरवायलाही स्कॅन लागतोच.

सुरुवात कशी झाली हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. दाह काही दिवसांत येतो, दुखतो, डोळा हलवला की जास्त दुखतो. गाठीची तक्रार महिन्या-वर्षांची असते आणि बहुधा दुखत नाही. 'परवापासून' आणि 'गेल्या दिवाळीपासून' यांत अख्खे निदान दडलेले असते. मात्र पुष्कळ रुग्ण लाली दिसू लागली त्या दिवसापासून मोजतात, म्हणून जुने फोटो मागवावेत. आधार कार्डावरचा फोटोही चालतो, जरी त्यात माणूस ओळखू येणे कठीण असले तरी.

थायरॉईडबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घोळ इथेच जास्त होतो. मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉईडचा डोळा हेच आहे, एका बाजूचा असला तरी. त्यामुळे डॉक्टरांचे मन तिकडे जाते यात गैर काही नाही. पण थायरॉईडच्या डोळ्यात वरची पापणी वर ओढलेली असते, बुबुळाच्या वर पांढरे दिसते आणि खाली पाहताना पापणी मागे रेंगाळते. दहांतल्या नऊ रुग्णांत कधी ना कधी ही खूण मिळते. पापणी वर जाण्याऐवजी फुगून खाली आली असेल तर थायरॉईडच्या निदानावर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी गोष्ट रक्ताच्या अहवालाची. हायपोथायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. तशा एखादीला गाठ झाली तर टीएसएच (थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी) बिघडलेला दिसू शकतो, आणि त्यावरून डोळ्याचे निदान केले तर गाठ वर्षभर सुखाने वाढते. उलट थायरॉईडच्या डोळ्याच्या काही रुग्णांत टीएसएच अगदी नॉर्मल असतो. टीएसएच, फ्री टी4 आणि टीएसएच-रिसेप्टर अँटिबॉडी या तिन्ही पाहाव्यात, पण शेवटचा शब्द स्कॅनचा. थायरॉईडमध्ये डोळ्याच्या स्नायूंचा मधला भाग फुगतो आणि डोळ्याला चिकटणारे टोक बहुधा बारीक राहते, खालचा आणि नाकाकडचा स्नायू आधी जाड होतो. दाहात टोकही फुगते. मेनिन्जिओमात स्नायूंपेक्षा बाहेरची भिंत जाड दिसते.

दुसरी फसवणूक दृष्टीच्या नसेवरच्या आवरणाच्या गाठीची. नजर एका डोळ्याने कमी होते, नसेचा दाह समजून औषध दिले जाते. खरा नसेचा दाह बहुधा 20 ते 40 वयात होतो, काही दिवसांत नजर उतरते, डोळा हलवताना दुखते आणि काही आठवड्यांत नजर सुधारू लागते. महिन्याभरात सुधारणा सुरूच झाली नाही किंवा नजर आणखी घसरत गेली तर नसेवर दाब आहे असे धरून चालावे. पडद्यावरची नस फिकट आणि तिच्या कडेला वळणे घेतलेल्या जादा रक्तवाहिन्या दिसल्या तर संशय पक्का. कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये नसेच्या दोन्ही बाजूंना उजळ समांतर रेघा आणि मध्ये काळी नस दिसते. इथे तुकडा काढायला जाऊ नये, नजर जाण्याचा धोका असतो. उपचार मुख्यतः रेडिएशनचा. आणि खऱ्या नसेच्या दाहातही किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या नुसत्या गोळ्या देऊ नयेत. त्याने दाह उलटण्याचे प्रमाण वाढते, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 1992 सालीच दिसले. तरी त्या अजून लिहिल्या जातात.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला स्टुलावर बसवावे, मान थोडी मागे घ्यायला लावावी आणि आपण त्याच्या मागे उभे राहून कपाळावरून खाली पाहावे. कोणत्या डोळ्याची पापणी भुवईच्या रेषेपुढे आधी डोकावते ते तिथून एका नजरेत कळते, समोरून कळत नाही. दोन्ही कानशिलांवर तळवे ठेवून चाचपावे. एका बाजूला खळगा भरून आलेला लागला तर ती दाहाची खूण नाही, हाडाची किंवा गाठीची आहे. हर्टेलची पट्टी (डोळा किती पुढे आला ते मोजण्याचे साधन) असेल तर दोन डोळ्यांतला 2 मिलिमीटरहून जास्त फरक महत्त्वाचा. प्रत्येक भेटीत पट्टीचा पाया तोच ठेवावा, म्हणजे आकडे तुलनेला येतात.

त्यानंतर बॅटरी. अंधाऱ्या खोलीत उजेड एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. आजारी बाजूवर उजेड येताच बाहुली आक्रसण्याऐवजी पसरली तर नस दबली आहे, मग तक्त्यावर नजर 6/6 का असेना. ही तपासणी बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालण्याआधी करायची असते. गर्दीच्या ओपीडीत रुग्णाला दारातच ड्रॉप घालून बसवतात आणि ही खूण हातची जाते. लाल टोपणाची बाटली आळीपाळीने एकेका डोळ्याला दाखवावी. एकीकडे लाल आणि दुसरीकडे विटकरी दिसत असेल तर तेही लिहून ठेवावे. कापसाच्या टोकाने कपाळाची दोन्ही अंगे स्पर्शून पाहावीत. एक बाजू बधिर असेल तर आजार खोबणीच्या टोकाशी किंवा त्याही मागे आहे.

आता स्कॅनची चिठ्ठी. सगळ्यांत जास्त नुकसान 'सीटी ब्रेन प्लेन' या तीन शब्दांनी होते. त्यात काप 5 मिलिमीटरचे, बहुधा आडवेच, कॉन्ट्रास्ट नाही आणि खोबण कडेला कुठेतरी आलेली. चादरीसारखी पसरलेली पातळ गाठ त्यात निसटते, अहवालात 'नॉर्मल' येते आणि पुढची दोन वर्षे तो अहवाल फाईलमध्ये सगळ्यांची दिशाभूल करत राहतो. चिठ्ठीवर लिहावे : एमआरआय ऑर्बिट (खोबण) आणि ब्रेन, कॉन्ट्रास्टसह, फॅट सप्रेशनसह, 3 मिलिमीटर किंवा पातळ काप, ॲक्सिअल (आडवे) आणि कोरोनल (समोरून उभे), स्फिनॉइडचा पंख, ऑप्टिक कॅनाल (दृष्टीच्या नसेची हाडातली वाट), कॅव्हर्नस सायनस (खोबणीमागची शिरांची जागा) पाहावे. फॅट सप्रेशन, म्हणजे चित्रात चरबीचा उजळपणा दाबणे, न केल्यास खोबणीतली चरबी आणि कॉन्ट्रास्ट घेतलेली गाठ दोन्ही पांढऱ्या दिसतात आणि गाठ चरबीत हरवते. हाडासाठी सोबत 1 मिलिमीटरचा सीटी, बोन विंडोमध्ये. कोणती बाजू, किती महिन्यांपासून, स्टेरॉईड चालू आहे का आणि किती, हे चिठ्ठीत नसेल तर रेडिओलॉजिस्ट अंधारात काम करतो. फिल्म हातात आल्यावर कोरोनल कापांत दोन्ही बाजूंची बाहेरची भिंत समोरासमोर ठेवून पाहावी. एकीकडे पेन्सिलच्या रेघेएवढे हाड आणि दुसरीकडे बोटाएवढे, हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही. वयस्क पुरुषात हाड असे जाड दिसले तर पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही करून घ्यावी, प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरून अगदी असेच चित्र देतो.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टची मात्रा किलोमागे 0.1 मिलिमोल, नेहमीच्या औषधात 60 किलोच्या माणसाला साधारण 12 मिलिलिटर. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात. त्यात आयोडीन नसते, त्यामुळे थायरॉईडच्या रुग्णाला त्या बाजूने अडचण नाही. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असते, तिथे थायरॉईडच्या डॉक्टरांना विचारावे. पेसमेकर असेल तर आधी सांगायचे हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. आपल्याकडे दुसरा धोका मोठा आहे : कुपवाड एमआयडीसी, किर्लोस्करवाडी, सातारा एमआयडीसीत लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण राहून गेलेला असू शकतो. एमआरआयच्या चुंबकात तो सरकला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. 'डोळ्यात कधी लोखंड गेले होते का' हे विचारावे आणि शंका असल्यास आधी खोबणीचा एक्स-रे किंवा सीटी काढावा.

गाठ सापडली म्हणजे लगेच ऑपरेशन असे नसते. लहान असेल, नजर चांगली असेल तर ठरावीक अंतराने एमआरआय आणि नजरेच्या क्षेत्राची तपासणी यांवर लक्ष ठेवतात. नजर उतरू लागली किंवा डोळा मिटेनासा झाला तर मेंदूचे सर्जन केसांच्या आत चीर घेऊन कवटी उघडतात, जाड हाड घासून काढतात आणि नसेची वाट मोकळी करतात. कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरलेला भाग मुद्दाम सोडावा लागतो, कारण तिथून डोळा हलवणाऱ्या नसा आणि मेंदूची मुख्य रक्तवाहिनी जाते. त्या उरलेल्या भागाला गरजेप्रमाणे रेडिएशन देतात, साधारण 50 ते 54 ग्रे (रेडिएशनचे माप), 28 ते 30 बैठकांत, आठवड्यात पाच दिवस. जत-आटपाडीच्या माणसाला हे सहा आठवडे मिरज किंवा कोल्हापुरात राहण्याची सोय आधी लावावी लागते, नाहीतर बैठका मध्येच सुटतात. नसेवर दाब फार काळ राहिला असेल तर गेलेली नजर परत येण्याची खात्री नसते, उशिराची खरी किंमत ती. गाठ दहा वर्षांनीही उलटू शकते, म्हणून फाईल रद्दीत घालू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि रेडिएशन येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचे, ऑपरेशनच्या आधी, नंतर नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तेही विचारावे.

गर्भनिरोधक इंजेक्शनाबद्दल बायकांकडून विचारणा होते. 2024 साली फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन एक वर्षाहून जास्त घेणाऱ्यांत ऑपरेशन लागणाऱ्या मेनिन्जिओमाचे प्रमाण पाच पटींहून अधिक आढळले. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून दर तीन महिन्यांनी देतात ते हेच. मूळ धोकाच इतका कमी आहे की पाचपट होऊनही तो कमीच राहतो, म्हणून घाबरून मनानेच बंद करू नये. पण डोळा पुढे येत असेल तर हे इंजेक्शन चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे आणि मेनिन्जिओमा निघालाच तर दुसरा उपाय निवडावा.

काही रुग्णांना स्कॅनच्या नंबरची वाट पाहायला वेळ नसतो. लहान मुलाचा डोळा ताप येऊन सुजला, दिवसागणिक पुढे येऊ लागला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तो पू असू शकतो किंवा झपाट्याने वाढणारा मुलांचा कर्करोग, आणि दोन्हींत स्टेरॉईड अंदाजाने देणे घातक. मधुमेह्याचा गाल बधिर, नाकातून काळपट स्राव आणि डोळा सुजलेला, म्हणजे म्युकर, काळी बुरशी. 2021 मध्ये त्याने काय केले ते जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. डोळा लाल, कानात ठोक्यासारखा आवाज आणि पांढऱ्या भागावर वळणावळणाच्या ठसठशीत शिरा असतील तर तो मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा बिघाड असतो, ड्रॉपने जाणार नाही.

मेडिकल दुकानदारांनाही विनंती आहे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही चिठ्ठीशिवाय द्यायची औषधे नाहीत. 'मागच्या वेळी याने आराम पडला' म्हणून रिकामी पट्टी दाखवणाऱ्याला तीच पट्टी दिली जाते. स्टेरॉईडच्या ड्रॉपने काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो, गोळ्यांनी साखर चढते, दबलेला क्षय उसळतो. आणि तीन आठवड्यांहून जास्त घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर माणूस कोसळू शकतो, म्हणून हे वाचून कोणी चालू गोळ्या आपल्या मनाने टाकू नयेत.

मोतीबिंदूच्या शिबिरांचा मोसम आता सुरू होईल. माण, खटाव, जत, शिराळ्याच्या शिबिरांत नेत्र चिकित्सा अधिकारी एका दिवसात शेकडो डोळे पाहतात. तिथे ड्रॉप घालण्याआधी वरची बॅटरीची तपासणी प्रत्येकाची व्हावी. अर्धा मिनिट लागते. बाहुलीत फरक असलेल्याची नजर नुसत्या मोतीबिंदूने गेलेली नसते. त्याला ऑपरेशनच्या यादीत घालून 'नंतर बघू' असे न म्हणता वेगळी चिठ्ठी द्यावी, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी शिबिराच्या कार्डावर डाव्या-उजव्या बाहुलीसाठी एक रकाना छापून घ्यावा.

आपले,
खोबणीच्या आणि मेंदूच्या आजारांवर काम करणारे काही डॉक्टर,
सांगली-मिरज